बाबू पांचाळाच्या भट्टीतल्या अठरा चकत्या

बाबू पांचाळाच्या हाताला एक खोड होती. नीट घडलेली वस्तू त्याला मोडवत नसे. मास्तराला किंवा वाण्याला असली खोड चालून जाते, लोहाराला नाही. लोहाराकडे माणसं जुनं मोडून नवं करायला येतात, आणि बाबू ते जुनं हातात धरून पाच मिनिटं नुसता बघत बसायचा. "काय पानी दिलंय रं पात्याला!" असं कुठल्यातरी मेलेल्या लोहाराचं कौतुक करायचा. गिऱ्हाईक कावायचं. "बाबू, तू लोहार हायस का सोनार? घाल की भट्टीत!"

सोपाऱ्याहून गासला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ही भट्टी. आजानं मांडली, बापानं चालवली, बाबूनं तीस वर्षं पेटती ठेवली. केळीचा घड उतरवायचे कोयते, माडावर चढणाऱ्याची आखूड कोयती, खुरपी, पहारी, मासळी कापायच्या मोरळ्या असं सगळं तिथं व्हायचं. कोयता कुणाचा ते पात्यावरच्या खुणेवरून कळायचं. कुणाचा क्रूस, कुणाची चांदणी, कुणाच्या नावाचं पहिलं अक्षर. जुना कोयता मोडीत आला की बापाचा एक नेम असे. आधी खूण ठोकून सपाट करायची, आणि तीही धनी समोर उभा असताना. खुणेचं पातं भलत्याच्या हातात गेलं आणि त्यानं काही उद्योग करून ठेवला तर शिपाई धन्याच्या दारात यायचे. म्हणून खूण मोडेपर्यंत धन्यानं जागचं हलायचं नाही. घाई असेल तर कोयता घरी न्यावा.

दोन हजार चार साल उजाडेपर्यंत वाड्यांच्या इमारती झाल्या होत्या. उरलेल्या वाडीवाल्यांना बाजारात प्लास्टिकच्या मुठीचे कोयते मिळत. भट्टी आठवड्यातून दोन दिवस पेटायची, तीही कुणाचं फाटक सांधायला. बाबूचा मुलगा अनुज वालीवला कारखान्यात होता. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली आणि अनुजनं विषय काढलाच. समोरचा भाग मोबाइलच्या दुकानाला द्यायचा. माणूस बघून ठेवलाय.

पोरगं वाईट नव्हतं, बापाचा खोकला ऐकून बोलत होतं. बाबूलाही ते कळत होतं. तो म्हणाला, "दिवाळीपरेंत काम आलं तर भट्टी ऱ्हाईल. नाय आलं तर तू म्हनतोस तसं." अनुजनं मान हलवली. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

काम आणलं ते सुनेनं. सुरुची परळची. एव्हरशाईन सिटीतल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी ती कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी धावत आली आणि एक जड पिशवी ऐरणीवर ठेवून म्हणाली, "बाबा, या जुन्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्क. नऊ आहेत. मोडून टाकायच्या."

"भंगारवाल्याला दे की."

"तेच तर नाही ना करायचं! भंगारवाले त्या पुसून परत विकतात, आणि नीट पुसतही नाहीत. सगळ्या पेशंटचे रिपोर्ट आहेत यात. कुणाला टीबी, कुणाला कावीळ, कुणाला त्याहून वाईट काही. उद्या कुणी वाचलं तर एखादीचं लग्न मोडेल, एखाद्याची नोकरी जाईल. आमच्या लॅबच्या डॉक्टर स्वप्ना मॅडमना रात्री झोप नाही. मीच म्हटलं, माझे सासरे लोहार आहेत."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, काम नीट झालं तर डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सांगते. सगळ्यांच्याच माळ्यावर ही अडगळ पडलीय, टाकायची कुठं ते कुणाला कळत नाही. बाबा, विचार करा. काम आहे हे."

बाबूनं तिच्याकडे बघितलं. सुनेला भट्टीची कळकळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "डॉक्टरबाय येनार काय? समोर उभं ऱ्हायला पायजे."

"त्यांना कुठला वेळ? काही उरता कामा नये, एवढंच बघा. मला उशीर होतोय." आणि ती गेलीसुद्धा.

धनी समोर नाही. बापानं पिशवी परत पाठवली असती. बाबूनं एक विडी ओढली, दिवाळीपर्यंतचे दिवस मोजले आणि कामाला हात घातला.

डब्यांचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, कुठला पेचकस लागेना. त्यानं सायकलचा आरा कानशीनं घासून चांदणीचं टोक काढलं आणि झाकण उघडलं. आत लोहचुंबकाचे दोन तुकडे होते, त्यांनी त्याचं बोट असं चिमटलं की तो शिवी देऊन हसला. खाली हिरवी पट्टी. तिच्यावर बारीक बारीक रेघा, ठिपके, आकडे, कुणीतरी मुंगीच्या पायानं पोथी लिहावी तसं. बाबूला वाटलं, हेच ते. लिहिलेलं सगळं इथंच. त्यानं नऊच्या नऊ हिरव्या पट्ट्या ऐरणीवर घेऊन घणानं त्यांचा भुगा केला. वरची नंबरं चिकटवलेली झाकणंही चेपून सपाट केली. खूण मोडली.

आणि मग चकत्या. प्रत्येक डब्यात दोन. गोल, मधोमध भोक, आरशासारख्या. बाबूनं एक बोटाच्या टोकावर धरून फिरवली. जन्मात त्यानं एवढं सरळ घडवलेलं काही बघितलं नव्हतं. कड बघितली, पाठ बघितली, कुठं ओरखडा नाही, अक्षर नाही, रेघ नाही. कोरं करकरीत. यांच्यावर काही लिहिलेलं असेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. घण उचलला आणि खाली ठेवला. पंच्यानं पुसून अठराही चकत्या त्यानं फळीवर मांडल्या.

चौथ्या दिवशी सुरुचीला सकाळची पाळी होती, ती संध्याकाळी लवकर कामावरून आली. सासू सुभद्रा मागच्या दारात उभी राहून कुंकू लावत होती.

"आई, कशात बघताय तुम्ही?"

"आरशात. तुझ्या सासऱ्यानं दिला. भोकामुळं नाक दिसत नाय, पन कपाल बेस दिसतं."

सुरुचीनं पर्स तिथंच टाकली. "आई, ती हार्ड डिस्कची चकती आहे! हजारो लोकांचे रिपोर्ट आहेत त्यात!"

सुभद्रानं चकती उलटी केली, सुलटी केली. "मला तर माजंच तोंड दिसतंय गो."

बाबू भट्टीतून हात पुसत आला. सुरुचीनं त्याला समजावलं. हिरवी पट्टी म्हणजे नुसता हमाल. माल सगळा या गुळगुळीत चकतीवर. लिहिलेलं डोळ्याला दिसत नाही एवढंच. बाबू ऐकत राहिला. घाम आला की तो कानाची पाळी चोळायचा. आता दोन्ही हातांनी दोन्ही पाळ्या चोळत होता.

"बाकीच्या कुठं आहेत?"

फळीवर अकरा होत्या. सुभद्राच्या हातात एक. बारा.

"सहा कमी हायत," बाबू म्हणाला आणि बायकोकडे वळला. "सुभद्रे?"

"माज्याकडं डोले वटारू नका. फ्लॉसी आली होती. तिच्या पेरूवर पोपट बसतात, एक फळ ठेवीत नाय. चमकतं काय ते टांगलं तर पळतात म्हनाली. मी दिल्या. तुमी फळीवर मांडून ठेवलेलं, मला काय ठावं देवाचं हाय का दवाखान्याचं?"

"बाबा," सुरुची रडवेली झाली, "उघड्यावर, धुळीत पडलेल्या चकतीवरचं सहसा कुणाला वाचता येत नाही. पण त्या 'सहसा'च्या भरवशावर मॅडम मोडल्याच्या दाखल्यावर सही नाही करणार. आणि मी त्यांना सांगून बसलेय, काम झालं म्हणून!"

बाबूनं पायात चपला सरकवल्या, सुरुची मागोमाग निघाली.

फ्लॉसी लोपीसची वाडी तीन बांध पलीकडे. ती विधवा बाई, एकटी केळी, अळू आणि पेरू सांभाळायची. तिच्या घरची बोली वेगळी, बाबूच्या घरची वेगळी, पण बांधावर उभं राहून भांडता-बोलता दोघांची मिळून एक तिसरी झाली होती. पेरूच्या झाडावर सुतळीला टांगलेल्या पाच चकत्या उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत गरगर फिरत होत्या. पोपट एकही नव्हता. सुरुचीनं ओच्यात एकेक काढून घेतली. पाच.

"सहावी कुठं?"

फ्लॉसी घरी नव्हती; तिला शोधत दोघं रस्त्याकडे गेले, तर सहावी क्रूसापाशी होती. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर जुना दगडी क्रूस आहे, तिथं संध्याकाळी आजूबाजूच्या बायका जमून माळ म्हणतात. वाऱ्यानं मेणबत्ती फडफडते, उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॉसीनं चकती मेणबत्तीच्या मागं उभी केली होती. उजेड दुप्पट झाला होता खरा. रोझरी चालू होती. बाबू आणि सुरुची बाजूला हात जोडून उभे राहिले. मधेच थांबवणं बाबूला पटलं नाही, आणि सुरुचीची तर छातीच झाली नाही.

माळ संपली, बायका उठल्या. फ्लॉसीनं दोघांना बघितलं.

"काय रे बाबू, कोयत्याला धार लावायला आलास काय क्रूसापाशी?"

"ती चकती परत पायजे, फ्लॉसी. माजी चूक झाली. ती द्यायची नव्हती."

"देवापुढं ठेवलेलं उचलून नेनार? दिलेलं परत मागतोस, लाज नाय?"

"हाय. म्हनूनच आलो. त्याच्यात लोकांची दुखनी हायत. लॅबमधली."

फ्लॉसीनं चकतीकडे बघितलं, मग क्रूसाकडे. "मग बराबर जाग्यावर हायत की. दुखनी लोक हितंच आनतात."

"हितं आनतात ती आपल्या तोंडानं सांगायला. दुसऱ्यानं वाचायला न्हाय."

फ्लॉसीनं चकती उचलून घेतली. पदरानं चकतीवरचं मेण खरवडताना तिचा हात थांबला. "एव्हरशाईनची लॅब? जिन्याखाली मेडिकल हाय ती?" बाबूनं मान हलवली. "मी गेलते तिकडं, मागल्या साली. कुनाला नाय सांगितलं." ती सुरुचीकडे न बघता बोलली. "माजं पन असंल याच्यात?"

"मला ठावं नाय," बाबू म्हणाला, "आनि मला ठावं व्हायला पन नको."

फ्लॉसीनं चकती पदरात गुंडाळून त्याच्या हातात दिली. दिसू नये अशी, गुंडाळूनच. "नीट मोड," म्हणाली. "नेहमीसारखा हात आखडू नकोस."

घरी आल्यावर सुरुचीनं चकत्या तीन वेळा मोजल्या. अठरा. तिच्या जिवात जीव आला. "बाबा, आत्ताच ठोकून टाका. मिळाल्या ना सगळ्या? मॅडमना सांगायची काही गरजच नाही. माझी नोकरी आहे तिथं, आणि तुमचं पुढचं कामही जाईल. उगाच कशाला?"

तिचं चुकत नव्हतं. बाबूनं पोळीचा तुकडा ताटात फिरवला. "सहा चकत्या चार दिवस माझ्या नजरंआड होत्या. त्यांचं धनी कोन? मी नाय. माझ्याकडं मोडायला दिलेलं मी वाटून टाकलं. सांगावं लागंल."

"आणि त्या चिडल्या तर?"

"चिडतील. तू फोन लाव. सकाळी या म्हनाव. तुजं नाव मी काढनार नाय."

"माझं नाव नाही काढलं तरी सून तुमचीच आहे मी," सुरुची म्हणाली. पण तिनं फोन लावला.

सकाळी डॉक्टर स्वप्ना स्कूटीवरून आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलण्यात चुकूनही हिसका नसलेल्या बाई. बाबूनं त्यांना स्टूल दिलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. हिरव्या पट्ट्या, फळी, आरसा, पेरू, क्रूस. फ्लॉसीचं नाव तेवढं घेतलं नाही, "शेजारी" म्हणाला. डॉक्टर ऐकता ऐकता लाल झाल्या.

"पेरूच्या झाडावर? माझे पेशंट तुम्ही पेरूच्या झाडावर टांगले?"

"हां."

"सुरुची, तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी, मॅडम."

"आणि काम झालं असं तू मला मंगळवारी सांगितलंस. न बघता."

ऐरणीजवळ मांडलेल्या अठरा चकत्या डॉक्टरांनी बोटानं एकेक करून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "बाबूकाका, एखादी कुणी उचलून नेली असती तर?"

"तर मी तुमाला बोलावलंच असतं. पन मग बसायला स्टूल द्यायचं तोंड नसतं मला. तुमी त्या दिवशी समोर नव्हता तवाच मी पिशवी परत धाडायला पायजे होती. आमच्या भट्टीचा नेम हाय तो. मला कामाची घाई झाली. आता तुमी हायत तर तुमच्यासमोर मोडतो. पटलं तर सही करा, नाय पटलं तर नका करू."

डॉक्टरांनी पर्स स्टुलावर ठेवली. "चला. मोडा."

दोन चकत्या इतरांहून लहान होत्या, लॅपटॉपमधल्या. त्या काचेच्या निघतील असं सुरुची म्हणाली, म्हणून बाबूनं त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, दोघींना मागं सरकवलं आणि वरून घण घातला. एकदाच. पोत्यात वाळू भरल्यासारखा आवाज झाला. बाकीच्या सोळा त्यानं जाड लोखंडी कढईत रचून भट्टीवर चढवल्या, आणि डॉक्टरांना म्हणाला, "पंखा फिरवा."

"मी?"

"धन्यानं फिरवायचा."

सुरुचीनं डोळे मिटून घेतले. पण स्वप्ना डॉक्टरांनी ओढणी कमरेला खोचली आणि भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याचं चाक धरलं. पहिली दोन मिनिटं त्या रागानं फिरवत होत्या. मग दम लागला तसं राग आणि वारा दोन्ही एका लयीत आले. कोळसा पांढरा झाला. चकत्या आधी काळवंडल्या, मग त्यांची कड मऊ झाली, आणि बाबू बघत होता तोवर सगळ्यात वरची चकती दुधावरच्या सायीसारखी आक्रसली आणि खाली बसली. या खेपेला बाबूचा हात आखडला नाही. त्यालाच नवल वाटलं. सांडशीनं त्यानं साय ढवळली, खालचा चकाकता रस वाळूत ओतला आणि बाजूला झाला.

"आता वाचून दाखवा म्हनावं कुनाला," तो म्हणाला.

डॉक्टर घामानं निथळत होत्या. त्यांनी दाखल्यावर सही केली. तारखेच्या खाली स्वतःच्या अक्षरात 'माझ्यासमोर' असं लिहिलं. स्कूटी चालू करता करता म्हणाल्या, "मीटिंगमध्ये सांगेन मी. पण पेरूचंही सांगेन. लपवणार नाही."

"सांगा. दुसऱ्यानं सांगितलं तर तो झाड भरून चकत्या टांगील."

त्या हसल्या की नाही ते हेल्मेटमुळं कळलं नाही. सुरुचीला मात्र त्या म्हणाल्या, "दोनला ये. वेळेवर." एवढ्यावर सुरुचीनं घरात जाऊन सासूला मिठी मारली, आणि सुभद्रा म्हणाली, "बाजूला हो गो, माझा आरसा तर गेलाच, आता भात पन करपेल."

मग काहीच झालं नाही. आठवडा गेला, दुसराही निम्मा सरला. अनुजनं काही विचारलं नाही, बाबूनं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. वसुबारस झाली, धनतेरस झाली. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, सुभद्रानं पोह्यांची ताटली पुढं ठेवली. नऊच्या सुमाराला अनुज मापाची टेप घेऊन भट्टीत गेला. मोबाइलवाल्याला रुंदी सांगायची होती. बाबू दारात बसून राहिला. दिलेला शब्द होता.

"दहा फूट चार इंच," अनुज आतून म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. तीतून एक जाडसर गृहस्थ कंबर धरून उतरले, मागून रिक्षावाल्यानं पोतं खाली घेतलं. पोत्यात काहीतरी खळखळलं.

"बाबू पांचाळ कोण?"

"मीच."

"मी चंदनसारहून आलो. माझं एक्स-रेचं सेंटर आहे. ह्या सगळ्या सीडी, पेशंटच्या. स्वप्ना डॉक्टरांनी तुमचं सांगितलं. आणि ते पेरूचंही सांगितलं. काय हसलो हो आम्ही सगळे!" ते पुन्हा हसले आणि कळवळून कंबर दाबली. "मग एकानं विचारलं, असल्या माणसाकडे पाठवतेस? तर त्या म्हणाल्या, मला यातलं काही कधीच कळलं नसतं, त्याच माणसानं बोलावून सांगितलं. तुमच्यात आहे का असा कुणी? सगळे गप्प. आणखी दोघं येणार आहेत, दिवाळी उरकली की. पण तुमच्याकडे म्हणे धन्याला उभं राहावं लागतं. माझं कमरेचं दुखणं आहे हो. जमेल का मला?"

बाबू उठला. पोत्याचं तोंड सोडून त्यानं एक सीडी बाहेर काढली. तीही चकचकीत, तीही गोल, तिलाही मधोमध भोक. त्यानं ती उन्हात धरली, दोन्ही बाजू बघितल्या, आणि एकदाही कौतुक केलं नाही.

"पहिलं मला सांगा," तो म्हणाला, "याच्यात लिवलेलं नेमकं कुठं असतं?"

"छापील नाव आहे ना, त्या बाजूच्या अगदी खाली. पातळ थर असतो."

"म्हंजे ओरबाडलं तर कुठंतरी उरंल, तुकडंच करावं लागतील. भट्टीत नाय घालनार मी. प्लॅस्टिकचा धूर सरळ वाडीवर जातो, आनि दिवाळीला शेजारच्या बाईच्या शिव्या खायच्या नायत मला. पत्र्याच्या कात्रीनं कापतो. वेळ जाईल. दुपारपरेंत बसावं लागंल तुमाला."

"बसतो की."

बाबू आत वळला. अनुज टेपचं टोक भिंतीला धरून तसाच उभा होता, तोंड उघडं.

"ती टेप गुंडाळ," बाबू म्हणाला, "आनि गिऱ्हाइकाला खुर्ची दे. पाठीची बघून दे, स्टूल नको."